परक्याला वाट सांगायची नाही

डेव्हन परगण्यातल्या त्या खेड्याच्या आसपासच्या, वाट दाखवणाऱ्या सगळ्या पाट्या १९४० सालीच उपटून टाकल्या होत्या. शत्रू हवाई छत्रीनं उतरलाच, तर त्यानं आडरानात भटकून मरावं, असा बेत. वर्ष झालं, शत्रू काही उतरला नाही; टपालवाला मात्र दोनदा चुकला. परक्यानं वाट विचारली तर सांगायची नाही, हे शाळेतल्या बाईंनी मुलांकडून रोज घोकून घेतलं होतं.

हेस्टर नऊ वर्षांची. बॉम्बच्या भीतीनं आईनं तिला प्लिमथहून इकडे, लस्कमकाकूंच्या मळ्यावर पाठवलं होतं. आई स्वतः तिथल्या गोदीच्या खानावळीत राबत होती. प्लिमथवर जाणारी विमानं याच गावावरून घरघरत जायची, आणि हेस्टर टेबलाखाली कानांत बोटं घालून बसायची. मागच्या आठवड्यात विमानं सलग तीन रात्री आली. तेव्हापासून आईचं पत्र नव्हतं. काकूंना विचारायची तिची छाती होईना. विचारलं नाही तोवर काही झालेलंच नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

गुरुवारी शाळेतून येताना तिला एक माणूस भेटला. भुवया जळलेल्या, अंगात दुसऱ्याचाच कोट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. लस्कमांचा मळा कुठे, म्हणाला. बोलीही इकडची नव्हती. हेस्टरनं त्याला अगदी गोड बोलून उलट्या दिशेला, ओढ्यापलीकडे पिटाळलं.

घरी येऊन तिनं हा पराक्रम चहाच्या टेबलावर सांगितला. काकूंचा पावाचा घास तसाच हातात राहिला.

"अगं बये, शत्रूला माझं नाव कोण सांगणार?"

हेस्टरला त्या जळलेल्या भुवया आठवल्या. प्लिमथमध्ये या मळ्याचं नाव एकाच माणसाला ठाऊक होतं.

काकूंनी एप्रनसकट सायकल काढली, पोरीला मागे बसवलं. ओढ्यापलीकडे पेथरिक लोहाराच्या भट्टीपुढे तो माणूस एका पालथ्या बादलीवर बसलेला दिसला. गावरक्षक दलाच्या तीन म्हाताऱ्यांनी त्याच्यावर दाताळी रोखली होती. अख्ख्या युद्धात त्यांच्या हाती पहिल्यांदाच कुणी लागलं होतं. ते सुखासुखी सोडणार थोडेच! आपण बचाव पथकातले, ढिगाऱ्यातून काढलेल्या एका बाईचा तिच्या मुलीसाठी निरोप आणलाय, तिचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये आहेत म्हणून पत्र नाही, असं तो परोपरीनं सांगत होता.

"असं कुणीही सांगेल," पेथरिक म्हणाला. "ती बाई हिची आईच कशावरून?"

माणूस अवघडला. हेस्टरकडे बघून त्यानं हळूच विचारलं, "चारचौघांत सांगू का गं?"

"सांगा," ती कशीबशी म्हणाली.

"तिनं बजावलंय की पोरगी झोपेत लाथा मारते, तिला भिंतीकडे निजवा. अजून अंगठा चोखते. आणि विचाराल तर साफ नाही म्हणेल."

"मी नाही चोखत," हेस्टर म्हणाली.

म्हातारे खो खो हसले, दाताळी खाली आली. हेस्टरचे कान लालबुंद झाले. तिनं त्या माणसाच्या लांबलचक बाहीत तोंड खुपसलं आणि ती हमसून हमसून रडली. तिची अशी गावादेखत लाज काढणारी जगात एकच बाई होती, आणि ती जिवंत होती.