मफलरच्या पुस्तकाचं शेवटचं पान

अण्णांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली आणि त्या चाळीस वर्षांत एकही पान इकडचं तिकडे झालं नाही. निदान अण्णा तसं सांगत, आणि ज्याला ऐकायचं नसेल त्याला दोनदा सांगत. दुकान बंद केल्यावर दाभण, मेण लावलेला दोरा, खळीचा डबा असा सगळा संसार त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत मांडला आणि लेकीच्या शाळेतली फाटकी पुस्तकं नीट करून द्यायला लागले. लेक तिसरीच्या वर्गाला शिकवते. घरातही तिला सगळे बाईच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

त्या मंगळवारी दुपारी बाईंनी त्यांच्यापुढे मफलरचं पुस्तक ठेवलं. पुस्तक कसलं, सुट्या पानांचा गठ्ठाच तो. त्यात औषधालाही अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. एक म्हातारा हिरवा मफलर वाळत घालतो. वारा तो उडवून नेतो. मफलर छपरांवरून जातो, चौकातल्या पुतळ्याच्या गळ्यात अडकतो, मग कुत्र्याच्या तोंडी लागतो, आणि शेवटी एका मुलीला बाकाखाली सापडतो. ती तो धुऊन म्हाताऱ्याला आणून देते. मुलांनी चित्रं बघायची आणि आपापल्या शब्दांत गोष्ट लिहायची. बाईंच्या हाताखालची कितीतरी पोरं अशीच लिहिती झाली होती. उद्या सकाळी वर्गात हवंय, एवढंच सांगून त्या वह्या तपासायला बसल्या.

घाईचं कारण म्हणजे एक मुलगी. वर्गाने तिचं नाव खोडरबर ठेवलं होतं. ती एक ओळ लिहायची आणि खोडायची, परत लिहायची, परत खोडायची. तास संपेपर्यंत कागदाला भोक पडायचं आणि वही कोरीच राहायची. तिला येत नव्हतं असं नाही. फळ्यावरचं ती मोत्यासारख्या अक्षरात उतरवायची. पण स्वतःचं लिही म्हटलं की घोडं अडलंच. बाईंनी समजावून पाहिलं, लाडीगोडी लावली, एकदा रागावल्याही. पहिले पाढे पंचावन्न. कुठलंही चित्र पुढे ठेवलं की ती हळूच विचारायची, "बाई, पण खरी गोष्ट काय आहे?" बाई म्हणायच्या, तुला वाटेल ती. यावर तिचा काडीइतकाही विश्वास नव्हता. खरी गोष्ट बाईंना माहीत आहे आणि आपली चुकणार, हे तिने पक्कं धरलं होतं. खरं सांगायचं तर, बाईंना ती माहीत असायचीच.

आता शाळेच्या मोठ्या बाईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं. शुक्रवारपर्यंत या मुलीच्या हातचं, तिच्या मनाचं एक पान दिसलं नाही, तर ती पुन्हा तिसरीत बसेल. मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या, फक्त नियमाला धरून होत्या. अशा माणसांवर धड रागावताही येत नाही.

बुधवारी सकाळी पुस्तक तयार होतं. कापडी पाठ, घट्ट शिवण, कडा कशा सुरीने कापलेल्या. अण्णांचं काम तपासायची या घरात पद्धत नव्हती. बाईंनी पुस्तक पिशवीत टाकलं आणि त्या निघाल्या.

वर्गात मुलांना भोवती बसवून त्या एकेक पान उलटत गेल्या. म्हातारा, दोरी, वारा, छपरं, पुतळा, कुत्रा, बाक, मुलगी. मुलीने मफलर दिला, म्हाताऱ्याने तो गळ्याभोवती गुंडाळला. संपलं म्हणून बाई पुस्तक मिटणार, तर आणखी एक पान निघालं. त्यावर म्हातारा खिडकीत उभा होता, उघड्या गळ्याने, रस्त्याकडे डोळे लावून. मागच्या बाजूलाही तोच, तिथेच. फक्त बाहेर आता दिवे लागले होते.

हे पान सुरुवातीचं, मफलर उडाल्यानंतरचं. बाईंच्या लगेच लक्षात आलं. अण्णांनी जन्मभर पानावरचा आकडा बघून पान लावलं होतं, आणि या पुस्तकात आकडे नव्हते. त्यांनी संध्याकाळ पाहिली, दिवे पाहिले, आणि दिवस संपला तिथे गोष्ट संपली असं धरलं. विचारलं असतं तर बिघडलं नसतं, पण विचारतील तर ते अण्णा कसले.

वर्गात गलका झाला. मफलर मिळाला ना, मग गेला कुठे? पुन्हा उडाला, एक म्हणाला. पुस्तकच चुकलंय, दुसऱ्याने निकाल दिला. बाई खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात खोडरबर पुढे सरकून पुस्तकाशी आली.

"बाई, तो खिडकीत का उभाय?"

पान चुकलंय म्हटलं की विषय संपला. पण मफलर परत मिळालेला माणूस उघड्या गळ्याने खिडकीत का उभा राहील, हे बाईंना खरोखरच ठाऊक नव्हतं.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या.

मुलीने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. बाई थाप मारत नाहीत याची तिची खात्री झाली असावी. ती जागेवर जाऊन बसली आणि लिहायला लागली. बाई मुद्दाम दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, पण सगळा जीव तिच्या पेन्सिलीत. रबर दोनदा हातात आलं आणि दोनदा खाली गेलं. घंटा झाली तेव्हा पान भरलं होतं.

शुक्रवारची वाट न बघता बाईंनी ते मोठ्या बाईंपुढे ठेवलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसला. मुलीचं चौथीत जाणं पक्कं झालं.

अण्णांना सांगणं जास्त अवघड होतं. बाईंनी ते सरळच सांगितलं. अण्णांचा चेहरा उतरला, शिवण उसवायला त्यांनी सुरी घेतली, आणि बाईंना फार वाईट वाटलं.

"आधी हे वाचा," म्हणत त्यांनी मुलीचं पान पुढे केलं. अण्णांनी मोठ्याने वाचलं.

"मुलगी निघाली तेव्हा थंडी होती. म्हाताऱ्याने मफलर तिलाच दिला. तिचं घर लांब होतं. तो रडत नाहीये. ती नीट घरी पोचते का, ते बघतोय."

अण्णांनी सुरी खणात ठेवून दिली.

शनिवारी त्यांनी मुलीलाच बोलावून घेतलं. तिचं पान पुस्तकाच्या शेवटी शिवायचं होतं आणि या वेळी लिहिणारीला विचारल्याशिवाय ते शिवणार नव्हते. "काय खोडायचं ते आत्ताच खोड," त्यांनी बजावलं. "एकदा शिवलं की नाही जमायचं." तिने पान वरपासून खालपर्यंत वाचलं. "शिवा, आजोबा," ती म्हणाली आणि दोऱ्याला मेण लावायला बसली.

शिवण संपता संपता दिवे लागले. घर जवळच आहे, म्हणत मुलगी एकटीच निघाली. बाईंनी चहा टाकला, कप पुढच्या खोलीत आणून ठेवला. अण्णा टेबलाशी नव्हते. ते खिडकीत उभे होते.

"अण्णा, चहा गार होतोय."

"होऊ दे," अण्णा न वळता म्हणाले. "तिला पोचू दे आधी."