पळून गेलेलं गाव

माधवीताईंचा फोन आला तेव्हा प्रियदर्शनी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात फेरतपासणीचे अर्ज लावत बसली होती.

"अगं, तुझी कथा अंकात पहिली घेतेय. इतकी नवी कल्पना! मी दोनदा वाचली."

माधवीताई म्हणजे अमरावतीतल्या हौशी लेखकांच्या मंडळाच्या अंकाच्या संपादक. त्यांच्या तोंडून असं काही ऐकायला प्रियदर्शनी चार वर्षं आसुसली होती. आणि ऐकल्यावर तिनं घाईघाईनं फोन ठेवून दिला.

कल्पना तिची नव्हतीच. ती होती मूर्तिजापूरच्या खुशालमामांची. मामा एसटीत कंडक्टर होते. एकदा दर्यापूरच्या वाटेवर गाडी बंद पडली, लोक भांडायला उठले, तेव्हा मामांनी उभ्या उभ्या गोष्ट रचली: एक गाडी आपलं शेवटचं गाव शोधत फिरते, पण गाव जागेवरच नाही! नऊ वर्षांची प्रियदर्शनी खिडकीशी बसून ऐकत होती.

लिहिताना हे आपल्याला आठवलंच नव्हतं, असं ती दोन दिवस स्वतःला बजावत राहिली. जेवताना बजावलं, स्कूटी चालवताना बजावलं. पटेना. अर्जांवर भलतेच शिक्के पडायला लागले, तेव्हा शनिवारी तिनं मूर्तिजापूर गाठलं.

"जय भीम, मामा."

"जय भीम. अशी अचानक? तब्येत बरी हाय न?"

चहा यायच्या आतच तिनं कथा वाचायला घेतली. तिच्या कथेत गाव धरणात बुडालेलं होतं. शेवटी ड्रायव्हर पाण्याकडे बघत उभा राहतो. मामा मान खाली घालून ऐकत होते.

"मामा, हे तुमचं हाय. मी न विचारता घेतलं."

"माझं नाही हे."

तिला क्षणभर हायसं वाटलं.

"माझ्या गोष्टीतलं गाव पळून गेलं होतं, पाव्हण्यांले कटाळून. तुयं गाव कावून मेलं?"

"मंडळात सगळ्यांले तसंच आवडते."

"गोष्ट नेली त्याचा राग नाही, पोरी. पण हसू कुठी टाकून आली?"

हे चोरीपेक्षा जास्त झोंबलं. ती उठून दारापर्यंत गेली, पुन्हा आत आली.

"मंग गेलं कुठी तुमचं गाव?"

मामांनी डोळे मिचकावले. "अकोल्याले. भाड्यानं खोली पाहून राहिलं होतं. घरमालक म्हणे, आधी तुया पत्ता सांग."

"गाव म्हणे, पत्ता मीच हाये!" प्रियदर्शनी बोलून गेली.

मामा हसता हसता खोकायला लागले. "हे मले नसतं सुचलं, बाप्पा!"

मग कथेच्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजू भरायला लागल्या. एक वाक्य त्यांचं, एक तिचं. कधी कोणाचं कोणतं, तेही कळेनासं झालं.

परतताना स्टेशनवरूनच तिनं माधवीताईंना कथा मागे घेत असल्याचं सांगितलं.

"अगं, थोडंफार सगळेच उचलतात."

"दुसरी पाठवते, ताई. मामांचं आणि माझं, दोन्ही नावं टाका."

दुसरी वाचून माधवीताई म्हणाल्या, "गमतीची आहे गं. पण अंकाला वजन हवं."

अंक निघाला. तिच्या कथेच्या जागी कुणाची तरी लांबलचक कविता होती. मामांना कळवलं, तर ते म्हणाले, "मंग वाचून दाखव लोकायले. तोंड हाय न तुले?"

शेजारच्या टेबलावरच्या योगेशला तिनं चहाच्या सुट्टीत गोष्ट वाचून दाखवली. तो खो खो हसला, आणि हसणं ओसरल्यावर म्हणाला, "पण मॅडम, गाव अकोल्यात, तर सरपंच कुठी?"

दुपारभर ती खुर्चीत चुळबुळत राहिली, दोनदा पाणी प्यायला उठली. पाच वाजता विभाग रिकामा झाला. ती मात्र घरी जायचं सोडून पेन काढून बसली, सरपंचाला शोधायला.