दुसरी पलटण

"पेंटरबुवा, आटपा की! आमची आजी कधीची नटून बसलीय."

मिस्त्रीची आजी म्हणजे ओळीतला शेवटचा रणगाडा. तीन सैन्यांनी वापरून टाकून दिलेला, इंजिन मालट्रकचं, पुढचा पत्रा जुन्या बॉयलरचा, आणि सुरू होताना दोन मिनिटं खोकणारा, म्हणून आजी. लोकरीच्या गिरणीच्या शेडमध्ये असे अकरा रणगाडे उभे होते. देशाच्या या टोकाला सैन्याकडे होते ते एवढेच. मिस्त्री त्यांच्याविषयी कुणाला वावगं बोलू देत नसे. "दुरून डोंगर साजरे," तो म्हणायचा, "आणि शत्रू दुरूनच बघतोय ना?"

पेंटरने मान वर केली नाही. तो एका रणगाड्याच्या घुमटावर नऊ काढत होता, आणि नऊ काढताना त्याला साक्षात देवाने हाक मारली असती तरी त्याने थांब म्हटलं असतं. गावातल्या प्रत्येक दुकानाची पाटी त्याच्या हातची. याचं अक्षर लागलं की दुकान चालतं, असं लोक म्हणायचे आणि तोही ते खरं मानायचा. त्याच्या नवाचं पोट लिंबासारखं गोल असे, शेपटी निमुळती होत खाली यायची आणि अगदी टोकाला किंचित झोका घ्यायची. सव्वीस वर्षांत तो झोका एकदाही चुकला नव्हता.

कॅप्टनची युक्ती साधी होती. नदीकाठचा रस्ता पलीकडच्या तीरावरून दिसायचा, तेवढ्या पट्ट्यात रणगाडे एकदा मिरवायचे, मग टेकडीमागून खाणीच्या वाटेने शेडमध्ये परत आणायचे. सकाळी एकोणीसपासून एकोणतीसपर्यंतचे अंक, म्हणजे पहिली पलटण. ते अंक ओल्या फडक्याने पुसून दुपारी एकोणनव्वदपासून नव्याण्णवपर्यंतचे अंक, म्हणजे नव्याने आलेली दुसरी पलटण. मधल्या वेळात मिस्त्री पिंपं, साखळ्या आणि फांद्या या गाडीवरून त्या गाडीवर हलवायचा. या सैन्यात प्रत्येक पलटण आपले अंक आपणच हाताने रंगवते, हे पलीकडच्यांना पक्कं माहीत होतं. शिपायांनी आदल्या दिवशी प्रयत्न केला, तर चुना ओघळून अंकांना दाढ्या आल्या. तेव्हा पेंटरला बोलावणं गेलं. सकाळची फेरी झाली होती. दुपारची तीनला निघायची होती. पलीकडचे दोन दिवसांत पूल ओलांडणार अशी बातमी होती, आणि अकराच रणगाडे आहेत हे त्यांना कळलं तर ते ओलांडणारच होते.

बाराच्या सुमाराला पेंटरची बायको जेवणाचा डबा आणि सरसाचं भांडं घेऊन आली. चुन्यात सरस किती घालायचा, म्हणजे अंक धावत्या गाडीवर टिकेल आणि फडक्याने निघेलही, हे तिलाच ठाऊक. रंग कालवणं तिचं. पाटी लिहिताना बाहेरची रेघ पेंटर मारायचा आणि आतला रंग ती भरायची. रेघेला तिने कधी हात लावला नव्हता. त्याने लावू दिला नव्हता.

"सकाळी छान दिसत होते हो," ती डबा उघडत म्हणाली. "मी बाजाराच्या कोपऱ्यावरून बघितले. एवढ्या लांबून ओळखलं, हा आमच्या ह्यांचा नऊ!"

पेंटरची छाती फुगली. "ओळखणारच. तो नऊ दुसऱ्या कुणाला जमतो का?"

घास तोंडात गेला आणि तिथेच थांबला. त्याने ओळीकडे पाहिलं. दुसऱ्या पलटणीचे सात रणगाडे रंगवून झाले होते. सातही घुमटांवर तोच नऊ, तोच झोका.

पलीकडचं गाव काही परकं नव्हतं. पूल बंद होऊन जेमतेम चार महिने झाले होते. त्याआधी पेंटर सायकलवर डबे लटकवून पलीकडे जायचा. ज्या हॉटेलच्या गच्चीवर आता दुर्बिणी लावून माणसं बसली होती, त्या हॉटेलची पाटी त्याची होती. पलीकडच्या चार गल्ल्यांतल्या दारांवरचे घरनंबर त्याचे होते. तिथल्या शेंबड्या पोरालाही हा नऊ ओळखू आला असता. पहिली पलटण या गावात मुक्कामाला होती, तिने गावचा पेंटर धरला असेल, हे ठीक. पण आजच लांबून आलेल्या पलटणीच्या अंगावर त्याचाच हात कसा?

ही गोष्ट फक्त त्याला कळली होती. गप्प बसला असता तर कुणी विचारणार नव्हतं. त्याने डबा बंद केला आणि तो कॅप्टनकडे गेला.

"साहेब, एक घोटाळा झालाय. माझं अक्षर फार प्रसिद्ध आहे."

दोन रात्री न झोपलेल्या कॅप्टनने त्याच्याकडे बघितलं. "पेंटर, ही काय वेळ आहे का स्वतःची आरती ओवाळायची?"

"आरती नाही हो! गळ्याशी आलंय." आणि पेंटरने हॉटेलची पाटी, घरनंबर, सगळं सांगून टाकलं. आयुष्यभर जी गोष्ट तो मिशीला पीळ देत सांगायचा, ती त्या दिवशी चोरी कबूल केल्यासारखी सांगितली.

कॅप्टनने घड्याळ पाहिलं. "मग वाईट काढा. मुद्दाम वाकडा काढा."

पेंटरने सातही अंक पुसले आणि वाकडा नऊ काढला. तो वाकडा झाला, पण झोका आलाच. डाव्या हाताने काढला, तरी आला. डोळे मिटून काढला. मिस्त्री वाकून म्हणाला, "बुवा, हा तर आधीच्यांपेक्षा देखणा आलाय." पेंटरने तोही पुसला. चांगलं यावं म्हणून माणूस जन्म घालवतो. वाईट यावं म्हणून काय करायचं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"सरा," बायको म्हणाली. "मी काढते."

"तू? अगं, तुला रेघ मारता येत नाही!"

"येत नाही म्हणूनच म्हणते."

तिने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला, पदर खोचला आणि ती पिंपावर चढली. तिच्या हातून चुना ओघळणार नव्हता. ब्रशला रंग किती घ्यायचा ते तिला त्याच्याहून चांगलं कळायचं. तिने एका दमात आठ काढला, मग नऊ. नवाचं पोट फुगीर, शेपटी आखूड आणि सगळा अंक उजवीकडे कललेला. ओझं घेऊन चढण चढणाऱ्या बाईसारखा.

"अगं, शेपटी जरा खाली—"

"तुम्ही गप्प बसा. माझी पलटण आहे ही."

मिस्त्री इतका हसला की त्याच्या हातचा पाना खाली पडला. पेंटर खरंच गप्प बसला. तो तिच्यासाठी चुना कालवू लागला. सरस जास्त पडला तसं ती वरून ओरडली, "किती ओतताय! हात आहे की पोहरा?" सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तो बोलणी खात होता आणि त्याला त्याचा राग येत नव्हता. ब्रश सुकत आला की ती न बघता डावा हात मागे करायची आणि तो भरलेला ब्रश तिच्या हातात द्यायचा. पाटी लिहिताना हेच व्हायचं, फक्त उलटं. रेघ पुरी झाली की तो न बघता ब्रश डावीकडे धरायचा आणि ती घ्यायची.

तीनला पाच मिनिटं कमी असताना तिने आजीवर शेवटचा नव्याण्णव काढला. दोन नऊ एकमेकांना टेकून उभे राहिले. पेंटरला ते अंक बघवत नव्हते आणि त्यांच्यावरून नजरही हलत नव्हती.

आजी खोकली, मग सगळी ओळ निघाली. गिरणीच्या भिंतीला दोन विटांएवढं भगदाड होतं, त्यातून दोघांनी आळीपाळीने बघितलं. नदीकाठच्या उन्हात अकरा रणगाडे धूळ उडवत चालले होते. ते भंगार होते, उसने होते, ठिगळांचे होते, हे पेंटरला माहीत होतं. तरीही त्याला ते ओळखू येईनात. कुठून तरी लांबून, अनोळखी माणसांची मोठी पलटण मदतीला आली आहे असं त्याला क्षणभर खरंच वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"कसे दिसतात?" तिने विचारलं.

"परके," तो म्हणाला. त्याने दिलेली सगळ्यात मोठी शाबासकी ती हीच.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या रेडिओने दोन पलटणी आणि बावीस रणगाडे सांगितले. कॅप्टनने ती बातमी तीनदा ऐकली. एकोणीस दिवस त्या दोन पलटणी नदीकाठाने फिरत राहिल्या, सकाळी त्याची आणि दुपारी तिची. पूल कुणीच ओलांडला नाही. विसाव्या दिवशी लढाई थांबली. कॅप्टन म्हणाला, "बाई, आता आजीवर ऑइलपेंटने काढा. हा अंक पुसायचा नाही."

नंतर मानपत्र आलं. त्यावर एकट्या पेंटरचं नाव होतं. "घरच्या मंडळींनीही मदत केली," असं तो समारंभात म्हणाला. घरी येताना ती हसत म्हणाली, "मदत होय! बरं बरं." मानपत्र तिनेच खिळा ठोकून भिंतीवर लावलं आणि दर आठवड्याला पुसलं. विषय पुन्हा कधी निघाला नाही. लोक त्याला दुसऱ्या पलटणीबद्दल विचारायचे आणि तो सांगायचा. सांगताना "आम्ही" म्हणायचा, आणि ऐकणारे ते मोठेपणाने म्हटलेलं धरून चालायचे. त्यांची चूक त्याने कधी दुरुस्त केली नाही. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती आणि ही न सुधारलेली चूक त्याला जेवताना आठवायची.

नगरपालिकेने आजीला चौकात चौथऱ्यावर बसवलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कारकून पेंटरला घेऊन आला. अंकाचा रंग उडून नुसती सावली उरली होती.

"काका, एवढा अंक तुमच्या वळणात करून टाका. फारच वाकडा आहे हो. पाहुणे येणार आहेत."

पेंटर शिडीवर चढला. हात आता म्हातारा झाला होता. त्याने एका हाताने मनगट धरलं आणि त्या पुसट नवांच्या कडेकडेने ब्रश फिरवला. पोट फुगलं होतं तिथे फुगवलं, शेपटी आखूड होती तिथे थांबला. झोका घ्यायला हात वळवळला. त्याने तो घेऊ दिला नाही. उतरला तेव्हा दोन्ही नऊ एकमेकांना टेकून, पांढरेशुभ्र उभे होते.

"वाकडेच राहिले की," कारकून म्हणाला.

"वाकडे नाहीत. हात वेगळा आहे."

खाली माहितीची पाटी लिहून तयार होती. शेवटच्या ओळीत "अंक रंगवणार" एवढं लिहून पुढची जागा पेंटरने मोकळी ठेवली होती. तिथे त्याचं नाव यायचं होतं. कारकुनाच्या कागदावर तसंच होतं.

पेंटर पाटीसमोर बसला आणि त्याने तिथे बायकोचं नाव आखलं. पूर्ण नाव, ठसठशीत. गावातल्या सगळ्यांच्या नावांत तिने रंग भरला होता. तिचं नाव कुठल्याच पाटीवर नव्हतं. शेवटच्या अक्षराची रेघ त्याने जन्मात मारली नसेल इतकी सरळ मारली.

"काका, यादीत तर तुमचं—"

"यादी चुकलीय," पेंटर म्हणाला. "चूक माझी आहे. दुसरी पलटण तिची होती."

मग रेघ पुरी झाल्यावर करायचा तसंच, न बघता, त्याने ब्रश डावीकडे धरला. हात तसाच थोडा वेळ राहिला. पेंटरने हात परत घेतला, ब्रश रंगात बुडवला आणि तो तिच्या नावात रंग भरायला लागला.