मालूबाईचे तीन महिने

"अर्धाच," मालूबाई म्हणाली आणि पातेलं पुढे केलं.

दूधवाला सुकलाल माप हातात धरून थांबला. लोधीपुऱ्यातल्या या दारात चार वर्षं तो रोज एक लिटर ओतत आला होता.

"आजच्या दिवस अर्धा, का..."

"आजपासून अर्धा."

आतून, खाटेवरून शालिग्रामचा आवाज आला. "अर्धा कायले? चहा काय पाण्याचा करशीन?"

"पाण्याचा नाही. दोन टायमाचा करीन. पाच टायमाचा नाही."

सुकलालने अर्धा लिटर ओतलं. मालूबाईने दार लोटलं, दूध गॅसवर ठेवलं आणि शालिग्रामकडे न बघता ओट्यापाशी उभी राहिली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. नवऱ्याला न विचारता घरातली एखादी गोष्ट कमी करण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

शालिग्रामची सगळी नोकरी नेपानगरला कागद कारखान्यात गेली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून ते बुऱ्हाणपुरात आले, मिळालेल्या पैशांतून हे दोन खोल्यांचं घर घेतलं आणि उरलेले बँकेत ठेवले. पैसा नेहमी शालिग्रामच्या शर्टाच्या खिशात असे. सकाळी मालूबाई समोर येऊन उभी राही, "भाजीले द्या" म्हणे. तो नोटा काढी आणि देण्याआधी विचारी, "कालचे कुठी गेले?" मग ती सांगत बसे. मेथी, मिरच्या, कोथिंबीर, शेजारची पोरगी आली होती तिला बिस्कीट. तो वाईट माणूस नव्हता. कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण तो प्रश्न त्याने एकही दिवस चुकवला नाही.

मागच्या दिवाळीनंतर त्याला लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायची वेळ आली. दवाखान्यात साठलेल्यातले बरेच पैसे संपले. मग बँकेत मालूबाईच जाऊ लागली. पेन्शन आणि व्याज मिळून आठ हजार तीनशे येत. मुलगा अनिकेत इंदूरहून दोन हजार पाठवी, पण आठवण झाली तर. महिना वीस तारखेलाच संपू लागला.

आणि परवा अनिकेतचा फोन आला होता. "आई, सीधी बात सांगतो. तुमचं तिथं जमत नाहीये. घर भाड्याने देऊन टाकू अन् तुम्ही दोघं इकडे या. बाल्कनी बंद करून घेतो, खाट बसते तिथं."

मालूबाई म्हणाली, "तीन महिने दे मले. नाही जमलं तर मी सोताच सामान बांधीन."

दूध अर्धं केलं त्या दिवशी दुपारी तिने औषधांच्या दुकानातून आलेली कागदी पाकिटं गोळा केली. चौथीपर्यंतचं शिक्षण, अक्षर मोठं आणि वाकडं. दवाई, किराणा, भाजी, दूध, लाईट, गॅस, टीव्ही, डॉक्टरीण. एकेका पाकिटावर एकेक नाव घातलं. बँकेतून सुट्ट्या नोटा आणून ती प्रत्येकात ठरलेली रक्कम घालू लागली. गॅसच्या पाकिटापर्यंत येतानाच नोटा संपल्या. तिने सगळं परत काढलं आणि पुन्हा वाटायला बसली. चार वेळा वाटलं, तेव्हा कुठे तिला दिसलं की पैसा नुसता कमी नाही, तो दोन-तीन ठिकाणीच जास्त जातोय.

सगळ्यांत मोठं भोक होतं ते शालिग्रामच्या हातापायांच्या व्यायामाचं. आठवड्यातून तीनदा ऑटोने राजपुऱ्यातल्या दवाखान्यात जायचं, डॉक्टरणीची फी वेगळी. पुढच्या खेपेला मालूबाईने डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं.

"बाई, हे जे तुम्ही करता, ते मले शिकवता का?"

ज्योती डॉक्टर वयाने अनिकेतएवढी. ती हसली. "रोज करावं लागेल, मावशी. एक दिवस बी खंड नको. आणि ते ओरडतील."

"ओरडू द्या."

ज्योतीने सगळं दोनदा करून दाखवलं आणि आठवड्यातून एकदाच यायला सांगितलं. त्या दिवसापासून मालूबाई सकाळ-संध्याकाळ शालिग्रामचा हात आपल्या मांडीवर घेऊन एकेक बोट उघडू लागली. तो खरंच ओरडायचा. "मारून टाकशीन एक दिवस!" ती मोजत राहायची. अकरा, बारा, तेरा.

किराणा महिन्याचा एकदम आणला. कोपऱ्यावरच्या दुकानातली पाच-पाच रुपयांची उधारी बंद केली. दुकानदार म्हणाला, "काय काकू, नाराज झाल्या का?" ती म्हणाली, "नाही रे बाबा. तुह्या वहीतून आमचं नाव काढ फक्त." पहिला महिना संपला तेव्हा पाकिटांत ऐंशी रुपये उरले होते. तिने ते दोनदा मोजले.

दुसऱ्या महिन्यात शालिग्राम काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागला. तिथे संतोषच्या सलूनमध्ये दोन घटका बसावं, पेपर वाचावा, परत यावं. एका रविवारी तो निघताना मालूबाईसमोर येऊन उभा राहिला. ती जमिनीवर पाकिटं मांडून बसली होती.

"पन्नास दे. दाढी करायची हाय."

मालूबाईने मान वर केली नाही. "गुरुवारी दिले होते ना? ते कुठी गेले?"

बोलून झाल्यावर तिला आपलाच आवाज ऐकू आला.

शालिग्राम काठीवर भार देऊन उभा होता. "दोघांले चहा पाजला," तो हळूच म्हणाला. "नेपानगरच्या कारखान्यातला गजानन भेटला होता." मग वळला आणि खाटेवर जाऊन बसला. तिने लगेच पन्नासची नोट नेऊन दिली. त्याने घेतली नाही. त्या दिवशी तो बाहेर गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाढलेली दाढी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मालूबाईला राग आला, आणि तो कुणावर हे तिला कळेना. पस्तीस वर्षं मी रोज ऐकलं, मी कधी भिंतीकडे तोंड करून झोपले? मला झोपायला वेळ तरी कुणी दिला? ती भांडी आपटत राहिली. पण त्याच्यासमोर उभं राहून कोथिंबिरीचा हिशोब देताना आपली जीभ कशी कोरडी पडायची, तेही तिला आठवत राहिलं. आपण हे आता दुसऱ्याला करतोय. आणि तेही अशा माणसाला, ज्याला उलट उठून जाताही येत नाही.

तिसऱ्या दिवशी तिने टीव्हीचं पाकीट उघडलं. आत अडीचशे रुपये होते. रोज संध्याकाळी तासभर ती मालिका बघत असे, दिवसभरात तेवढंच तिचं बसणं. तिने पाकिटावरचं 'टीव्ही' खोडलं. दोनशे शालिग्रामसमोर नेऊन ठेवले.

"हे महिन्याचे. तुमचे. मी हिसाब इचारणार नाही."

त्याने भिंतीकडचं तोंड वळवलं. "माह्याच पेन्शनीतले मलेच देऊ राहिली?"

"हाव," मालूबाई म्हणाली. "मी बी माह्याच घरातले मागत होती. पस्तीस वर्षं."

शालिग्रामने डाव्या हाताने नोटा उचलल्या आणि कशाबशा खिशात घातल्या. दुपारी तो दाढी करून आला. उरलेले पन्नास मालूबाईने नव्या पाकिटात घातले आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट लिहिता लिहिता थांबली आणि नुसतं 'मालू' ठेवलं.

मार्चच्या अखेरीस अनिकेत आला. येताना सामान बांधायला चार रिकामी खोकी घेऊन आला होता. जेवण झाल्यावर मालूबाईने पाकिटं त्याच्यासमोर मांडली. लाईट बिलाची पावती, गॅसची, औषधांची. कुठेही उधारी नाही.

अनिकेतने सगळं पाहिलं. "पण आई, एकदम मोठं आजारपण आलं तर?"

"तवा तुलेच सांगू. तू मुलगा हाय. पण रोजच्या भाजीसाठी मी बाल्कनीत येऊन राहणार नाही."

"मी पाठवतो ना पैसे..."

"तीन महिन्यांत दोनदा पाठवले. मी ते धरलेच नाही हिसाबात. आता असं कर, हजारच पाठव, पण पाच तारखेले पाठव. कधी दोन, कधी काहीच नाही, त्याचं मले काही ठरवता येत नाही."

अनिकेतची मान खाली गेली. शालिग्राम खाटेवरून म्हणाला, "लिहून घे पाच तारीख. तुही आई विसरत नाही." आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच हसला.

संध्याकाळी अनिकेत खोकी तिथेच ठेवून इंदूरच्या बसने गेला. मालूबाई पुढच्या महिन्याची मांडणी करायला बसली. उन्हाचा तडाखा सुरू झाला होता, पंखा जोरात फिरत होता, समोरचा कागद सारखा उडत होता. ती एका हाताने तो धरून दुसऱ्याने लिहू बघत होती.

शालिग्राम खाटेवरून उठला, पाय ओढत आला आणि भिंतीला धरून तिच्याशेजारी बसला.

"एप्रिलात लाईटचं बिल वाढीन," तो म्हणाला. "दीडशे जास्त धर."

"कुठून धरू?"

"माह्या दोनशेतले शंभर घे. पन्नास तू पाहा कुठून निघते."

मालूबाईने त्याच्याकडे पाहिलं. कागद पुन्हा फडफडला. तेव्हा त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि कागदाच्या कडेवर ठेवून दिला. बोटं जराशी उघडी होती. कागद हलायचा थांबला, आणि ती लिहू लागली.