शहाण्णव तासांचं तळं

नवरा रिटायर झाला की बायकोच्या डोक्याला ताप होतो, हे माझ्या तिन्ही नणंदांनी मला सांगून ठेवलं होतं. पण तो हॉलमध्ये तळं बांधेल, असं कुणीच बोललं नव्हतं.

आमचे हे, दिनानाथ, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत चौतीस वर्षं लॅबमध्ये होते. खरवईला तळमजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हाच ह्यांनी खिडकीखालची जागा हेरली. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, गुडघाभर उंच. ग्राफ पेपरवर चार नकाशे काढले. मी म्हटलं, "तिथं माझा दिवाण येणार होता." हे म्हणाले, "दिवाणावर बसूनच तर मासे बघशील." आता दिवाण ठेवू कुठं, तुमच्या डोक्यावर? पण हौसेला मोल नसतं म्हणतात, म्हणून गप्प बसले.

कैलास गवंड्यानं आठ दिवसांत काम उरकलं आणि जाताना बजावलं, "काका, नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. पाणी भरा, केळीच्या खुंटाचे तुकडे टाका, चार दिवसांनी ओतून द्या. असं पाच-सहा वेळा करा. घाई केलीत तर मासे गेलेच म्हणून समजा."

ह्यांनी तीन वेळा केलं. घरभर कुजक्या केळीचा वास. चौथ्यांदा खुंट आणायला निघाले तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं, कारण रविवारी माझ्या माहेरची माणसं यायची होती. "किती दिवस ह्या डबक्याला आंघोळ घालणार? तुमचं ते पाणी तपासायचं मीटर बरोबर दाखवतंय ना? मग सोडा की मासे." मीटर खरंच बरोबर दाखवत होतं. ह्यांनी माझं ऐकलं. कधी नव्हे ते.

बुधवारी सकाळी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून पाच गोल्डफिश आणून सोडले. ह्यांनी घड्याळ बघितलं. "शहाण्णव तास. चार दिवस जगले की मी सुटलो." सुटलो म्हणजे काय, विचारलं तर नुसते हसले. पण पुढं पेपर वाचेनात, धड जेवेनात. पाण्याशी स्टूल टाकून बसायचे. मुलाच्या बारावीच्या निकालालाही हा माणूस इतका कासावीस झाला नव्हता.

शनिवारी त्यांना पीएफच्या कामाला ठाण्याला जावं लागलं. अकराच्या सुमारास मी केर काढायला हॉलमध्ये आले, तर दोन मासे उलटे तरंगत होते. घाई माझी होती. आता हे आल्यावर त्यांना काय वाटेल, ह्या विचारानं मला रडू फुटलं. दोघांना कागदात गुंडाळून मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं आणि रिक्षा करून तडक कॅम्प चार गाठला.

अगदी तसेच दोन हवे होते. एकाच्या शेपटीवर पांढरा ठिपका होता, तो शोधण्यात अर्धा तास गेला. बुधवारी मला ह्यांच्याबरोबर बघितलेला सिंधी दुकानदार पिशवीत पाणी भरताना म्हणाला, "साहब ने अब घर में भी चालू किया? पहले तो कंपनी के लिए दस-दस ले जाते थे. कभी हफ्ते में दो बार." असेल कंपनीत शोभेची टाकी, म्हटलं, आणि पळाले.

संध्याकाळी हे आले ते चपला काढून सरळ तळ्याशी. मी स्वयंपाकघरातून बघत होते. चोराच्या मनात चांदणं. चहात साखर घातली की नाही तेही आठवेना. बराच वेळ वाकून बघितल्यावर ह्यांनी शांतपणे विचारलं, "कुंदा, दोन बदललेस ना?"

"मी कशाला बदलू?"

"ठिपका बरोबर शोधलास. पण हे दोघं कोपऱ्यात बसलेत. नवा मासा पहिल्या दिवशी कोपरा सोडत नाही. नऊ वर्षं मी हेच केलंय, मला कळतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कंपनीचं शुद्ध केलेलं सांडपाणी तपासायला एका टाकीत भरायचं आणि त्यात दहा मासे सोडायचे. शहाण्णव तासांनी त्यातले नऊ तरी जिवंत हवेत, तरच ते पाणी बाहेर सोडायला चालतं. "मेले की मी सकाळी लवकर जाऊन नवे टाकायचो. रजिस्टरमध्ये दहाच्या दहा जिवंत, खाली सही माझी."

"तुम्हाला कुणी सांगितलं असं करायला?"

"पहिल्यांदा साहेबांनी. नंतर सांगावं लागलं नाही." ते पुन्हा पाण्यावर वाकले. "एकदा तरी माझ्या हातच्या पाण्यात, न बदललेले मासे चार दिवस जगलेले बघायचे होते गं."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. पण बोलायला तोंड होतं कुठं? मीही सकाळपासून तेच करत होते.

मीटर पाण्यात घातलं तर आकडा चढलेला. चुना उतरतच होता. पाचही मासे ताज्या पाण्याच्या टबात काढले. "परत खुंट आणा," मी म्हटलं, "आता तुम्ही म्हणाल तेव्हाच मासे." हे जरासे हसले. मग दोघांनी बादल्यांनी तळं उपसायला घेतलं. भरलेली बादली दाराबाहेर आणून मी सहज विचारलं, "अहो, हे कुठं ओतू? समोरच्या नाल्यात?"

हे हातातली बादली धरून तसेच उभे राहिले.

चौतीस वर्षं ह्यांच्या पगारावर घर चाललं, मुलगा शिकला, हा फ्लॅट झाला. कंपनीचं पाणी कुठं जातं, हे मी ह्यांना एकदाही विचारलं नव्हतं.