दोरी ओढणाऱ्यांचा वाटा

मी एक जुनी होडी आहे, कळव्याच्या खाडीकाठची. मित्रांनो, कुणाला काय मिळणार होतं ते आधीच सांगते, म्हणजे शेवटी तुमचा हिशेब चुकणार नाही. चांगदेव सरांना शाळेच्या नाटकासाठी खरीखुरी होडी मिळणार होती. बाकीच्या शाळा पुठ्ठ्याची आणणार, म्हणजे स्पर्धेची ढाल आपलीच. माझे मालक गुणाजी कोळी यांना स्वतःसाठी काही नको होतं. त्यांच्या मुलीला, सातवीतल्या शेवंतीला, नाटकात कप्तान व्हायचं होतं. अख्ख्या वर्गात वल्हं मारता येणारी ती एकटीच.

"होडी न्या सर, पण कप्तान आमची शेवंती," गुणाजी म्हणाले.

"ठरलं," सर म्हणाले.

माझा जन्म कोलशेतचा. गोमाजी मिस्त्रींनी सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं. वीस वर्षं मी बोय, जिताडा, कोळंबी वाहिली. आमच्याकडे मासळीचे वाटे पडतात. माणसांचे वेगळे, जाळ्याचा वेगळा आणि एक चक्क होडीचा. काठावर दोरी ओढायला हात लावला, त्यालाही मूठभर मासळी द्यावीच लागते. त्यामुळे वाटे मोजायची खोड मला लहानपणापासूनची. पुढे गुणाजींनी इंजिनाची होडी घेतली आणि मी काठावर पडून राहिले. कोंबड्या अंडी घालायला यायच्या, तेवढीच सोबत.

१९९२ साल उजाडलं. कोलंबस अमेरिकेला पोचला त्याला पाचशे वर्षं झाली, म्हणून ठाण्यात शाळांची नाट्यस्पर्धा होती. हा गृहस्थ खरं तर आपल्याकडेच यायला निघाला होता, उतरला भलतीकडेच. तालमी शाळेच्या अंगणात माझ्याभोवती चालत. सर समजावून सांगत, "पाहुण्यांनी तिथल्या लोकांना काचेचे मणी दिले, आरसे दिले. घेतलं सोनं, मग जमीन. पुढे त्यांच्याच जहाजांतून देवी आणि गोवर उतरले. ते रोग तिथं कुणी पाहिलेच नव्हते. गावंच्या गावं ओस पडली."

"म्हणजे सर, पाहुणे घरी आणि यजमान देवाघरी?" शेवंतीनं विचारलं.



प्रयोगाला आठ दिवस राहिले, तेव्हा शेवंतीच्या वर्गातल्या उत्तमच्या वडिलांनी कपडे आणि दिवे फुकट देऊ केले. त्यांचं मंडपाचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी कप्तान उत्तम झाला आणि शेवंती झाली बेटावरच्या लोकांची म्होरकी.

"माझे संवाद काय, सर?"

"तुला संवाद नाहीत. तू फक्त बघायचं आणि मणी घ्यायचे."

"बघायला मी काय सिनेमाला चाललेय?"

गुणाजी मला परत न्यायला निघाले होते. शेवंतीच म्हणाली, "राहू दे बाबा. होडीला रंगमंचावर ओढायला आम्हीच लागणार ना?"

प्रयोगाच्या दिवशी उत्तम काळा गॉगल लावून आला.

"अरे, कोलंबसाला गॉगल कसला?" सर म्हणाले.

"समुद्रावर ऊन असतं ना, सर."

खरी गोष्ट अशी, की कल्याणला मामाच्या लग्नात त्याचे डोळे आले होते. सांगितलं असतं, तर कप्तानपद गेलं असतं.

पडदा वर गेला. शेवंती आणि तिच्या सहा सोबत्यांनी दोरी धरून मला रंगमंचावर ओढलं. आत उत्तम ऐटीत उभा. त्यानं उतरून सातही जणांना मिठ्या मारल्या, मणी वाटले, झेंडा रोवला आणि म्हणाला, "आजपासून ही भूमी आमची." इथं पडदा पडायचा होता. पण शेवंतीनं दोरी सोडली नाही.

"होरी आमी वढली," ती म्हणाली. "आमचा वाटा कंय हाय?"

उत्तमला यापुढचं काही पाठ नव्हतं. "मणी दिले की."

"ते झालं पाहुणचाराचं. वाटा टाक."

प्रेक्षकांतून तिची आई, आवडाबाई, बाजारातल्या आवाजात म्हणाली, "सोरू नको गं त्याला."

उत्तमनं तलवार दिली. कुणी हललं नाही. टोपी दिली. तरी दोरी घट्टच. शेवटी त्यानं गॉगल काढून दिला, आणि पिकल्या मिरचीसारखे लाल डोळे बघून सभागृह हसत सुटलं. शेवंतीनं टोपी घातली, गॉगल चढवला आणि माझ्यात कप्तानासारखी उभी राहिली. परीक्षकांना वाटलं, हे सगळं लिहिलेलंच आहे. ढाल आम्हाला मिळाली.

तिसऱ्या दिवशी सातही जणांचे डोळे आले. नेमका चौथ्या दिवशी फोटोग्राफर आला. उत्तमचे डोळे तोवर निवळले होते. फोटोत मधोमध ढाल घेऊन तो, शेजारी सर, मागे माझं नाक. बेटावरचा एकही माणूस नाही.

बरी होऊन आलेली शेवंती शाळेच्या भिंतीवरच्या फोटोसमोर उभी राहिली. "बरोबरच आलाय, सर," ती म्हणाली. "अगदी इतिहासासारखा."

सरांनी फोटो खाली उतरवला आणि त्याखाली सात नावं लिहिली, फोटोत नसलेल्यांची. पहिलं नाव शेवंतीचं, पुढे 'कप्तान'.

मित्रांनो, प्रयोगाच्या दिवशी सभागृहाच्या पायऱ्यांवर माझी फळी तडकली. आता मी शाळेच्या अंगणातच असते. वर्षातून एकदा डांबराचा हात फिरवलात, तर अजून पुष्कळ मुलांना अंगावर खेळवीन. आणि होडीत ऐटीत उभ्या असलेल्या माणसाचं चित्र दिसलं, तर दोरी कुणाच्या हातात होती तेही विचारत जा.

राहिला हिशेब. ढाल शाळेची. फोटो उत्तमचा. टोपी आणि गॉगल शेवंतीकडे, तिनं काही परत दिले नाहीत. फळी माझी गेली. आणि डोळे आले ते सातांचे, ज्या सातांनी दोरी ओढली होती.