माहेरचा घास

सगुणाबाईंनी पुढे केलेला तारली मासा पाहून पक्षिणीने पुन्हा मान वळवली. चोचीखालची रिकामी झोळी फरशीवर ओल्या फडक्यासारखी पसरली होती. बंगळुरातल्या कारखान्यांच्या वसाहतीखालच्या तळ्यावरून हे झोळीवाले पक्षी, म्हणजे पेलिकन, वन्यप्राण्यांच्या इस्पितळात आणले, तेव्हा एकाचीही मान उभी राहत नव्हती. बाकीचे दोन दिवसांतच गेले. ही एकटी सलाइनवर तगली, पायांवर उभी राहिली, आणि आता अन्नाला शिवत नव्हती.

"उद्यापर्यंत खाल्लं नाही तर ट्यूब घालावी लागेल, मावशी," डॉक्टर अक्षरा म्हणाली. पुण्याहून आलेली ही मुलगी हुशार होती, पण तिच्या डोळ्यांत झोप मावत नव्हती. "स्ट्रेसमध्ये आहे ती."

"स्ट्रेस कसला, डॉक्टरबाई? शिवाजीनगरच्या बाजारातला बर्फाचा मासा हा. मला वाढलात तर मीही ताट सरकवीन."

अक्षरा हसली आणि निघून गेली. सगुणाबाई मात्र पिंजऱ्यापाशीच बसून राहिल्या. नवरा गेल्यापासून या इस्पितळाचे स्वयंपाकघर त्यांच्या हाती होते. घारींचे मांस, वानराच्या पोरक्या पिलांचे दूध, वटवाघळांची पपई, सारे त्यांच्या नजरेखालून जाई. आपले घराणे शहाजीराजांच्या काळी बंगळुरात उतरले, हे त्या जितक्या ताठ मानेने सांगत, तितक्याच ताठ मानेने हेही सांगत की आपल्या हातचा घास कोणी जिवाने नाकारलेला नाही. नळी घालण्याची गोष्ट त्यांना जिव्हारी लागली.

मग त्यांना सून भूमिका आठवली. टायफॉइडमध्ये तिने अन्न टाकले होते. डॉक्टर झाले, औषधे झाली. शेवटी तिची आई बेळगावाकडून घरच्या जोंधळ्याचे पीठ घेऊन आली, तिने आंबील करून पाजली, आणि पोरगी उठून बसली. माहेरच्या घासाला औषधाची सर येत नाही, हे सगुणाबाईंनी कितीतरी सासुरवाशिणींच्या बाबतीत पाहिले होते. पाखरू झाले म्हणून काय झाले? त्यालाही जन्माचे पाणी असतेच.

त्याच संध्याकाळी बस धरून त्या धाकट्या भावाकडे गेल्या. ज्योतिबा त्याच तळ्यात गोल होडी घालून मासे धरी. अक्काचे मागणे ऐकून त्याने आधी तिची भरपूर थट्टा केली. बहिणीने आजवर भावाकडे एक लुगडे मागितले नाही, आणि आता पाखरासाठी पदर पसरते, असे तो बायकोला ओरडून सांगू लागला. सगुणाबाईंनी त्याला गप्प केले आणि पलीकडच्या काठाला साचलेल्या फेसाकडे बोट दाखवले.

"तो तिकडचा, अक्का. ह्या बाजूचं पाणी सरी आहे, एकदम चांगलं. आम्ही रोज खातो की."

त्यांनी माशाचा कल्ला उचलून पाहिला. लालभडक होता. उभ्या आयुष्यात मासा निवडताना त्या फसल्या नव्हत्या. तळ्यातले जिलेबी जातीचे जिवंत मासे बादलीत घेऊन त्या परतल्या.

पक्षिणीने पहिला मासा झेलला, मान मागे टाकली, आणि तो गळ्याखाली उतरताच सगुणाबाईंनी दुसरा पुढे केला. नळी टळली. अक्षराने त्यांना मिठी मारली. बाहेरचे अन्न डॉक्टरांना विचारल्यावाचून द्यायचे नाही, असा इस्पितळाचा नियम होता. पण बर्फातल्या माशांची काळजी वाहणाऱ्यांनी जिवंत माशांसाठी कशाला नियम करावा, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पक्षिणीला मोकळे सोडायच्या दिवशी हसतहसत सांगू, असे ठरवून त्या ज्योतिबाकडे जातयेत राहिल्या.

सोडायचा दिवस ठरला, आणि त्याच आठवड्यात तिची मान पुन्हा खाली आली.

अक्षरा गोंधळून गेली. इथले पाणी स्वच्छ, इथले फूड स्वच्छ, मग पॉयझनिंग आले कुठून, असे ती स्वतःलाच विचारत फिरत होती. सगुणाबाईंनी आपल्या परीने उपाय केला. अंगात बळ यावे म्हणून माशांचे बारीक तुकडे करून त्या चोच उघडून भरवू लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, तोंडात घास असतानाच, पक्षीण गेली.

शवविच्छेदन आटोपून अक्षरा स्वयंपाकघरात आली. तिच्या हातातल्या ताटलीत माशाचे तुकडे होते.

"मावशी, आपण समुद्राचे मासे देतो. हे तळ्यातले आहेत."

सगुणाबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. "मी दिले. तिच्याच तळ्यातले. माहेरचे म्हणून."

अक्षरा तिथेच पाटावर बसली. कारखाने सोडतात ते रसायन फेसाबरोबर वाहून जात नाही, असे तिने हलक्या आवाजात सांगितले. ते गाळात बसते, गाळातून माशाच्या अंगात शिरते. मासा वरून तजेलदार दिसतो, कल्ला लाल असतो, आणि असे मासे दिवसभर गिळणाऱ्या पक्ष्याच्या नसा एके दिवशी हार मानतात. मग ती म्हणाली, "तुम्ही प्रेमानं केलंत, मावशी."

"प्रेमाचं राहू द्या. माझ्या हातानं मेली का, तेवढं सांगा."

अक्षराने हातातली ताटली खाली ठेवली. "हो," ती म्हणाली.

सगुणाबाईंनी मान डोलावली. घारींचे मांस कापायचे राहिले होते, ते त्यांनी कापून झाकून ठेवले, हात धुतले आणि तळ्याची बस धरली.

ज्योतिबा होडी काठाला लावत होता. त्यांनी सारे सांगितले, काहीही न वगळता. तो आधी हसला, मग हसणे तोंडावरच राहिले.

"मग आम्ही काय खायचं, अक्का?"

जाळ्यातले टाकाऊ मासे मिळतील या आशेने होडीभोवती झोळीवाल्यांचा थवा जमला होता. एक तरुण पक्षी तर त्यांच्या पायांशी येऊन चोच उघडून उभा राहिला. सगुणाबाईंनी लुगड्याचा ओचा खोचला, घोटाभर पाण्यात उतरल्या आणि पदर फिरवून त्या थव्याला हाकलू लागल्या. हट, हट, असे त्या म्हणत होत्या. आवाज मात्र त्यांना स्वतःलाच ओळखू येत नव्हता.

जड पंख फडफडवत थवा उठला, आकाशात एक संथ फेरा घेतला, आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, त्याच पाण्यावर, उतरला.

सगुणाबाईंनी पदर पिळून खांद्यावर घेतला, आणि काठाकाठाने त्या टोकाच्या दिशेने चालू लागल्या.